बंदुकीचा परवाना मागण्याआधी

गेल्या काही वर्षांत माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान असलेल्या पोरांनी मला एकच प्रश्न तीन-चारदा विचारला आहे: "भाई, गनचं लायसन्स काढायचं तर काय करावं लागतं?" विचारणारी पोरं गुंड नाहीत. एक सीए करतोय, एक माझ्याच कंपनीत टेस्टिंगला आहे, तिसऱ्याचं भायखळ्याला मोबाइलच्या सामानाचं दुकान आहे. कुठेतरी कोणाला दाढी बघून मारल्याचा व्हिडिओ पाहतात, रात्री झोप लागत नाही, आणि मग हा प्रश्न येतो.

मी सॉफ्टवेअरवाला, वकील नव्हे. पण कायदा वाचता येतो, आणि आर्म्स ॲक्ट शांतपणे बसून वाचण्यासारखा आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या देशात बंदूक सहज मिळत नाही हे चांगलं आहे, आणि मुसलमान म्हणून मला ते जरा जास्तच चांगलं वाटतं. आपली तक्रार दुसरी असायला हवी. जो कायदा तुमच्या-माझ्यासाठी इतका कडक आहे, तो पुढाऱ्याच्या कमरेला, त्याच्या बॉडीगार्डच्या खांद्याला आणि वर्दीतल्या माणसाच्या हाताला तेवढ्याच कडकपणे लागतो का?

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे २०१६ चे नियम. वय २१ पूर्ण हवं. मुंबईत परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे, म्हणजे क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या त्या जुन्या दगडी इमारतीत. अर्जासोबत शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, शारीरिक आणि मानसिक आरोग्याचं डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, शस्त्र घरात कुठे आणि कसं ठेवणार हे सांगावं लागतं. स्थानिक पोलिसांचा अहवाल येतो. पिस्तूल-रिव्हॉल्वर हवं असेल तर जीवाला खरा धोका आहे किंवा धंदाच तसा आहे हे दाखवावं लागतं. "भीती वाटते" एवढ्याने भागत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच शस्त्रं राहू शकतात. आधी तीन चालायची.

कायद्यातलं एक कलम मात्र फार कमी लोकांना माहीत असतं. कलम १४ सांगतं की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. नकार दिला तर कारणं लेखी नोंदवायची, आणि त्याविरुद्ध अपील करता येतं. म्हणजे कागदावर हा कायदा श्रीमंत-गरीब भेद करत नाही. कागदावर.

जबाबदारीने बंदूक बाळगणं कसं असतं ते मी लहानपणी गावाला पाहिलं आहे. चिपळूणजवळ माझ्या नानांकडे ठासणीची बंदूक होती. शेतीसंरक्षणाचा परवाना. कोकणात असे परवाने बरेच, कारण रानडुकरं एका रात्रीत भाताची वाट लावतात. ठासणीच्या बंदुकीसाठी कायद्यातच वेगळी तरतूद आहे. नानांची बंदूक आतल्या खोलीत कुलपात, दारू वेगळ्या खोलीत, आणि किल्ली नानीच्याही हाती लागायची नाही. आम्ही नातवंडांनी ती हातात घेतलेली नाना हयात असताना तरी मला आठवत नाही. निवडणूक लागली की ती चादरीत गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. नाना कुरकुरायचे, पण जायचे. त्या बंदुकीचा त्यांना अभिमान नव्हता. लाज पण नव्हती. कोयता, नांगर, पंप तशी बंदूक. माझ्या मते बंदुकीबद्दल माणसाचं नातं एवढंच असावं.

पण परवाना हवा कशाला, असा उलटा प्रश्नही एकदा याच देशात गंभीरपणे विचारला गेला होता, आणि त्याचं कारण बरोबर होतं. इंग्रजांनी १८७८ मध्ये शस्त्र कायदा केला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र नाही, युरोपियनांना सूट. राज्य कोणाला घाबरतं आणि कोणावर विसंबतं, ते त्या एका कायद्यात लिहिलेलं होतं. म्हणून काँग्रेसने १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला. स्वातंत्र्यानंतर, डिसेंबर १९४८ मध्ये, घटना समितीत मूलभूत हक्कांवर चर्चा चालू असताना एच. व्ही. कामत यांनी तीच मागणी दुरुस्ती म्हणून मांडली.

त्याला नकार दिला बाबासाहेबांनी. परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांत वीसेक वर्षं काढलेला, नंतर दादरला राजगृह बांधून राहिलेला हा माणूस. ज्या समाजाला हजारो वर्षं शस्त्रच काय, पाण्याचाही हक्क नव्हता, त्या समाजाचा नेता. भावनेच्या भरात तो म्हणू शकला असता की आम्हाला आता शस्त्र द्या. त्यांनी उलट विचारलं की नियमनाशिवाय हा हक्क दिला तर तो चोर, खिसेकापू आणि दरोडेखोरांनाही मिळेल, त्याचं काय? देशावर वेळ आली तर शस्त्र उचलणं हे नागरिकाचं कर्तव्य मानता येईल, पण तो मूलभूत हक्क करू नये, असा त्यांचा सूर होता. दुरुस्ती फेटाळली गेली. आज घटनेच्या १९ व्या कलमात आपल्याला एकत्र जमण्याचा हक्क आहे, तो शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचा. एनआरसीच्या वेळी आपण जी प्रास्ताविका मोठ्याने वाचत होतो, त्याच पुस्तकात हे दोन शब्दही आहेत. मला ते दोन शब्द आवडतात. अल्पसंख्य माणसाच्या हिताचे आहेत. सगळ्यांच्या हातात शस्त्र आलं तर मोजणीत कोण कमी पडेल, हे सांगायला गणिताची पदवी लागत नाही.

आता पोरांचा खरा मुद्दा. "भाई, ते सगळं ठीक, पण बानव्वेसारखं परत झालं तर?"

बानव्वे-त्र्याण्णवला मी जेमतेम पाळण्यातला. पण न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल मी पूर्ण वाचला आहे, आणि प्रत्येक मुंबईकर मुसलमानाने तो वाचावा असं माझं म्हणणं आहे, निव्वळ त्यातल्या नावांसाठी नाही, आकड्यांसाठीही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मिळून ९०० माणसं मेली. ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकीचे इतर किंवा ओळख न पटलेले. ती कशी मेली याचीही आयोगाने मोजणी दिली आहे. पोलिसांच्या गोळीबारात ३५६. भोसकून ३४७. जाळपोळीत ९१. जमावाच्या मारहाणीत ८०. खाजगी गोळीबारात २२. इतर कारणांनी ४.

हे आकडे परत एकदा बघा. नऊशेपैकी बावीस. दंगलीत माणूस मारायला लागला सुरा, रॉकेल आणि जमाव. त्यापुढे तुमच्या कपाटातलं एक पिस्तूल काय करणार होतं? गल्लीत दोनशे लोक आले आहेत, तुम्ही खिडकीतून एक गोळी झाडली, पुढच्या दहा मिनिटांत त्या घराचं काय होतं? आणि नंतर आरोपपत्रात पहिलं नाव कोणाचं येतं?

सगळ्यात मोठा आकडा तर सरकारी बंदुकांचा आहे. सुलेमान उस्मान बेकरी, ९ जानेवारी. वडाळ्याची हरी मशीद, १० जानेवारी. या दोन्ही ठिकाणच्या पोलीस गोळीबारावर आयोगाने कठोर शब्दांत ठपका ठेवला. तेव्हा बानव्वेवरून धडा घ्यायचा असेल तर तो "आपल्याकडे बंदूक हवी" हा होत नाही. सरकारी बंदूक कोणाच्या आदेशावरून, किती वेळा, कुठल्या दिशेने चालली याचा हिशेब हवा, हा होतो. तो हिशेब मागायला फार चिकाटी लागते. बंदुकीचं लायसन्स त्यापेक्षा सोपं वाटतं.

"घरच्यांच्या हिफाजतीसाठी ठेवली होती" हे वाक्य कोर्टात किती टिकतं, तेही मुंबईने पाहिलं आहे. संजय दत्तने एके-५६ बद्दल हेच सांगितलं होतं. बाप खासदार, घरावर धमक्या, दंगलीचा काळ, सगळं खरं. दहशतवादी कटाच्या आरोपातून तो सुटला, पण शस्त्र कायद्याखालची शिक्षा २१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायम केली आणि पाच वर्षं ठरवली. हे सुनील दत्तच्या मुलाचं झालं. मदनपुऱ्यातल्या पोराचं काय होईल?

शस्त्रधारी रक्षक सोबत असला तरी हल्लेखोराला पहिला क्षण मिळतो, ही गोष्ट वेगळीच. १२ ऑक्टोबर २०२४, दसऱ्याची रात्र. माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांना सरकारी संरक्षण होतं, पोलीस शिपाई जवळ होता. तरी वांद्रे पूर्वेला भर रस्त्यात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात दफन झालं.

आणि गिरगाव चौपाटीवर काय झालं ते तर सगळ्या जगाला माहीत आहे. २६ नोव्हेंबरची मध्यरात्र उलटलेली, तुकाराम ओंबळेंच्या हातात फक्त लाठी, समोर कसाबची एके-४७. त्यांनी तिची नळी पकडली आणि सोडली नाही. ही कथा सांगून कोणी म्हणेल की बघा, बंदुकीची गरजच नाही. मी तसं म्हणणार नाही. त्या माणसाला आपण लाठी देऊन अतिरेक्यांसमोर उभं केलं, ही आपली शरम आहे. चांगलं शस्त्र, चांगलं प्रशिक्षण आणि बुलेटप्रूफ जाकीट ओंबळेंना मिळायला हवं होतं. मला नव्हे.

आता कायद्याच्या आतल्या बंदुकांकडे येऊ, कारण गेल्या तीन-चार वर्षांत मुंबई आणि आसपास ज्या घटनांनी मी हादरलो, त्यांत परवान्याच्या बंदुका होत्या.

सप्टेंबर २०२२. अनंत चतुर्दशीनंतर प्रभादेवीला शिवसेनेच्या दोन गटांत राडा झाला. त्यात तेव्हाचे माहीमचे आमदार सदा सरवणकर यांनी गोळी झाडल्याचा आरोप झाला, दादर पोलिसांनी शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला, त्यांचं परवान्याचं पिस्तूल तपासणीसाठी ताब्यात घेतलं. सरवणकरांनी आरोप फेटाळला. खरं-खोटं न्यायालय बघेल. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. विसर्जनाच्या गर्दीत, प्रभादेवीच्या त्या चिंचोळ्या रस्त्यांवर, जिथे लालबाग-परळची अर्धी माणसं बायका-पोरांसह उतरलेली असतात, तिथे कोणाही पुढाऱ्याच्या कमरेला भरलेलं पिस्तूल असावंच कशाला? २०१६ च्या नियमांत लग्न, जत्रा, धार्मिक मिरवणूक असं नाव घेऊन याचा विचार केला आहे. सार्वजनिक जागी शस्त्र झाकलेलं हवं, ते परजणं आणि विनाकारण चालवणं मना, नियम मोडला तर परवाना जाऊ शकतो. २०१९ पासून हर्षफायर किंवा बेफिकीर गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नियम आहेत. वापरतो कोण?

२ फेब्रुवारी २०२४. उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या केबिनमध्ये, भाजपचे आमदार गणपत गायकवाड यांनी शिंदे गटाच्या महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. सीसीटीव्हीचं चित्रण सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. जखमी वाचले, आमदार अटकेत गेले, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत कल्याण पूर्वेतून त्यांच्या पत्नी निवडून आल्या. मतदाराचा कौल म्हणून मी तो मानतो. पण पोलीस ठाण्यात शिरताना आमदाराची झडती होत नाही आणि आपल्या पोराला पासपोर्टच्या पडताळणीला गेल्यावर दोन तास बाकड्यावर बसवतात, एवढं मनात नोंदवून ठेवतो.

आणि त्यानंतर सहाच दिवसांनी, ८ फेब्रुवारीला, दहिसर-बोरिवलीच्या हद्दीवर अभिषेक घोसाळकर यांचा खून. फेसबुक लाइव्ह चालू असताना मॉरिस नोरोन्हाने गोळ्या झाडल्या आणि मग स्वतःवरही. बंदूक नोरोन्हाच्या नावावर नव्हतीच. ती त्याच्या खाजगी अंगरक्षकाची, परवाना उत्तर प्रदेशातला. अंगरक्षकाला शस्त्र कायद्याखाली अटक झाली.

या तिसऱ्या घटनेवर मी थोडा जास्त अडकलो आहे, कारण ती आमच्या धंद्यातली गोष्ट आहे. लोअर परळला, जिथे माझे आजोबा साच्यावर उभे राहायचे त्याच गिरणीच्या आवारात आता आमचं ऑफिस आहे. तिथे नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याला सांगतात: सर्व्हरचा पासवर्ड तुझा, तुझ्या नावाचा, तो शेजाऱ्याला द्यायचा नाही, मॅनेजरने मागितला तरी नाही. कोण कधी आत आलं, काय उघडलं, सगळ्याची नोंद राहते. माणूस नोकरी सोडून गेला की संध्याकाळपर्यंत त्याचा प्रवेश बंद. कोणाच्या प्रामाणिकपणावर संशय म्हणून हे करत नाहीत. माणूस रागावतो, दारू पितो, कर्जात बुडतो, म्हणून करतात. बंदुकीचा परवानाही असाच माणसाला दिलेला असतो, वस्तूला नव्हे. अंगरक्षकाचं पिस्तूल मालकाच्या हाती लागतं याचा अर्थ पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला आहे.

यात तंत्रज्ञानाची अडचण नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो. देशातल्या परवान्यांची राष्ट्रीय नोंदणी अस्तित्वात आहे, प्रत्येक परवानाधारकाला स्वतःचा क्रमांक आहे. दुसऱ्या राज्याचा परवाना घेऊन मुंबईत खाजगी रक्षकाची नोकरी करणारा माणूस कुठल्या ठाण्याच्या हद्दीत, कोणाकडे, कुठलं शस्त्र घेऊन आहे, हे ठाण्यातल्या संगणकावर दिसायला काहीच अवघड नाही. माझ्या टीममधली दोन पोरं ते महिन्याभरात बांधून देतील. अडचण आहे ती मोठ्या माणसाच्या रक्षकाकडे कागद मागायचा कोणी.

वर्दीची बंदूक तर शस्त्र कायद्याच्या बाहेरच आहे. सरकारी सेवक कर्तव्यावर असताना शस्त्र बाळगतो त्याला हा कायदा लागत नाही, आणि ते योग्यच आहे, पण मग त्याची तपासणी कोण करतं? ३१ जुलै २०२३ ची पहाट आपल्यातला कोणी विसरलेला नाही. जयपूरहून मुंबई सेंट्रलला येणाऱ्या गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने आधी आपल्या वरिष्ठाला मारलं, मग डब्यांतून फिरून तीन मुसलमान प्रवाशांना. त्यातला द्वेष सगळ्यांनी पाहिला, त्यावर आपण बोललो, बोलायलाच हवं. पण त्याच्या आधीचा एक तास कमी लोकांना माहीत आहे. बरोबरच्या जवानाच्या जबाबानुसार, आपली तब्येत बरी नाही, वलसाडला उतरू द्या, असं तो म्हणत होता. त्याला थोडा आराम करायला सांगितलं. शेवटी रायफल पुन्हा त्याच्याच हातात आली. ज्या माणसाला स्वतःच आपण ठीक नाही असं वाटतंय, त्याच्याकडून शस्त्र काढून घेण्याची एक साधी, रोजची, अपमान न वाटणारी पद्धत असती तर? अर्जदाराकडून डॉक्टरचं प्रमाणपत्र मागणाऱ्या सरकारने स्वतःच्या जवानांसाठी निदान तेवढं तरी करायला नको का?

तपासणी नुसती कागदावर राहिली की काय होतं, याचं जगातलं सगळ्यात कडवट उदाहरण आपल्याच माणसांचं आहे. १५ मार्च २०१९, क्राइस्टचर्च, दोन मशिदी, ५१ शहीद. मारेकऱ्याकडे बंदुकीचा रीतसर परवाना होता. न्यूझीलंडच्या चौकशी आयोगाने नंतर तो कसा मिळाला ते खणून काढलं. अर्जदाराला ओळखणाऱ्या दोन माणसांशी पोलिसांनी बोलायचं असतं. त्याने दिलेली दोन माणसं म्हणजे ऑनलाइन खेळांतून ओळख झालेला एक मित्र आणि त्या मित्राच्या घरातलं एक वडीलधारं माणूस. घरच्यांना कोणी नीट विचारलंच नाही. फॉर्म भरला होता, रकाने भरले होते. आयोगाने पोलिसांच्या परवाना पद्धतीतल्या त्रुटी स्पष्ट नोंदवल्या. हल्ल्यानंतर महिन्याच्या आत तिथल्या संसदेने लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घातली, ११९ विरुद्ध १ मतांनी, आणि लोकांकडून त्या परत विकत घेतल्या. अमेरिकेत प्रत्येक शाळेतल्या गोळीबारानंतर नुसत्या मेणबत्त्या लागतात, कारण तिथे बंदूक हा घटनेतला हक्क होऊन बसला आहे. कामतांची दुरुस्ती मंजूर झाली असती तर आपणही आज तिथेच असतो, मेणबत्त्या घेऊन.

आता थोडं आपल्या घरातलं, कारण बोट नुसतं बाहेर दाखवून चालणार नाही. वाढदिवसाला तलवारीने केक कापायचा आणि त्याची रील टाकायची, ही बीमारी सगळ्या जातीधर्मांच्या पोरांत आहे. आपल्या मोहल्ल्यांतही आहे. जुलूसमध्ये तलवार नाचवणारे आहेत. कोणीतरी दिलेला गावठी कट्टा हातात धरून फोटो काढणारे आहेत, त्याची किंमत काय पडते हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. तलवार असो की कट्टा, गुन्हा शस्त्र कायद्याखालीच नोंदतात, आणि आपल्या पोराच्या बाबतीत ते फार तत्परतेने होतं. हे अन्यायाचं आहे, आणि रील टाकणंही मूर्खपणाचं आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

बुखारीत एक हदीस आहे. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची पाती हाताने धरून जावं, म्हणजे चुकून कोणाला इजा होणार नाही. २०१६ च्या नियमांतलं झाकलेल्या शस्त्राचं कलम आणि ही हदीस यांत मला काही फरक दिसत नाही. जुम्म्याच्या खुतब्यात कधीतरी हा विषय घ्यावा, असं आमच्या इमामसाहेबांना मी सुचवलं आहे.

आणि ज्याला बंदुकीची खरोखर आवड आहे, त्याच्यासाठी रस्ता आहेच. दहा मीटरच्या एअर रायफलला, ठरलेल्या ताकदीच्या आत, परवाना लागत नाही. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. दादरला शिवाजी पार्कजवळच्या सावरकर स्मारकातही रायफल शूटिंग शिकवतात. नाव वाचून थबकू नका, कागदी लक्ष्याला धर्म नसतो. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक आणलं, मेराज अहमद खानसारखे नेमबाज ऑलिम्पिकपर्यंत गेले. रेंजवर पहिला तास बंदुकीला हातही लावू देत नाहीत, नुसते नियम पाठ करून घेतात: नळी कायम समोर, बोट ट्रिगरच्या बाहेर, रिकामी असली तरी भरलेलीच समजायची. मी एकदा भाचीला घेऊन गेलो होतो. परतताना ती म्हणाली, "मामू, हे तर नमाजसारखं आहे, सगळं क्रमाने." तिला आता स्वतःची रायफल हवी आहे. किंमत बघून मी विषय बदलला.

सुरक्षेच्या बाबतीत मुंबईत जे खरंच चाललं, त्यात बंदूक नव्हती. त्र्याण्णवनंतर मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या, बायका आणि बीट हवालदार एका चटईवर बसायला लागले. २०२३ मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली, तर खिलाफत कमिटीने भायखळ्याचा जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. २०२४ मध्ये पुन्हा तेच केलं, सरकारने सुट्टीही पुढे ढकलली. टीव्हीवर त्याची ओळभर बातमी आली. लालबागच्या माझ्या मित्राने मात्र त्या रात्री मंडळातून फोन करून शुक्रिया म्हटलं, आणि मी त्याला म्हटलं, मला काय सांगतोस, कमिटीला सांग.

तेव्हा लायसन्सचा अर्ज करण्याऐवजी मी दुसरा अर्ज केला आहे, माहिती अधिकाराचा, पोलीस आयुक्तालयाकडे. कोणाचंही नाव, पत्ता मागितलेला नाही, नुसते आकडे. मुंबईत ठाणेनिहाय किती शस्त्र परवाने चालू आहेत? गेल्या पाच वर्षांत किती अर्ज आले, किती नाकारले? त्यातले लोकप्रतिनिधींचे किती? शस्त्राचा गैरवापर किंवा निष्काळजीपणा यावरून किती परवाने निलंबित किंवा रद्द झाले? दुसऱ्या राज्याचे परवाने असलेले किती खाजगी अंगरक्षक शहरात नोंदलेले आहेत? शुल्क दहा रुपये, ऑनलाइन भरता येतं, मराठीत लिहिलं तरी चालतं. ठाणे, रायगड आणि भिवंडीच्या मित्रांनी आपापल्या आयुक्तालयाला किंवा जिल्हाधिकाऱ्याला हेच पाच प्रश्न पाठवावेत. उत्तराची मुदत तीस दिवस असते. माझे अजून अकरा राहिले आहेत.